पुढच्या वाक्याएवढा श्वास

नव्या कोरियन मालिकेतला राजा पहिल्याच प्रसंगात मेल्यासारखा वाटत होता. पटकथेप्रमाणे त्याला अजून बरेच भाग जगायचं होतं.

तसं त्याचं काही कमी नव्हतं. अंगात लाल झगा, छातीवर आणि खांद्यांवर सोनेरी धाग्यांत विणलेले ड्रॅगन, पिकत चाललेली दाढी. समोर बर्फ पडलेल्या अंगणात काळ्या टोप्यांचे दरबारी गुडघ्यांवर ओळीनं बसलेले. ते एका सुरात "विचार बदलावा, महाराज!" असं ओरडून कपाळ जमिनीला टेकवत. राजा उठे, बसे, पुन्हा उठे. बोलला की ठीक वाटे. गप्प झाला की वाटे, कोणीतरी बाहुल्याला झगा घालून उभं केलं आहे.

स्टुडिओतल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. परदेशी मालिका आपल्या भाषेत आणायचं काम त्यांच्या देखरेखीखाली चाले. "मीटर," त्या म्हणाल्या, "हा श्वास का घेत नाही गं?"

मीटर म्हणजे ध्वनिमुद्रण करणारी मुलगी. पदार्थविज्ञान शिकून आलेली, आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार हे पाठ असलेली. मुद्रण चालू असताना तिचे डोळे समोरच्या मीटरवरून हलत नसत, म्हणून हे नाव पडलं. ते ठेवलं होतं महाराजांनी, म्हणजे स्टुडिओतल्या जुन्या डबिंग कलाकारानं. "हिला माणूस दाखवू नका," ते म्हणायचे, "हिला काटा दाखवा. काटा हलला की ही म्हणणार, जिवंत आहे!"

राजा श्वास का घेत नाही, याचं उत्तर मीटरला ठाऊक होतं. परदेशातून मालिका येते तेव्हा संगीत, पावलं, दारं, घोडे हे एका बाजूला असतं आणि बोलणं दुसऱ्या बाजूला. आपल्याला हवी असते फक्त पहिली बाजू. पण मूळ नटाचे श्वास, उसासे, हुंकार हे सगळं बोलण्याच्याच बाजूला असतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं शब्दांबरोबर श्वासही जातात. ते नव्यानं घ्यावे लागतात, आणि ते घेणं हे डबिंग कलाकाराचं अर्धं काम.

नवा कलाकार जाहिरातींतून आला होता. एका सिमेंटच्या जाहिरातीतला त्याचा आवाज घरोघरी माहीत होता, म्हणून स्टुडिओत तो सिमेंट. गडी मेहनती, आवाज खणखणीत. पण जाहिरातीत श्वासाला जागा नसते. तिथं श्वास कापून टाकतात, तेवढ्या वेळात आणखी एक शब्द बसतो. काचेपलीकडे उभा राहून सिमेंट पाणबुड्यासारखा दम धरायचा, वाक्य फेकायचा आणि माइकपासून तोंड फिरवून गुपचूप दम घ्यायचा. बाई म्हणायच्या, "अरे, लाजतोस काय? राजा आहेस, चोरून श्वास घेतोस होय?"

तो हसायचा आणि पुढच्या वाक्याला तेच करायचा.

आतापर्यंत या स्टुडिओतले सगळे राजे महाराजांनी केले होते. कोरियन असो, तुर्की असो, सिंहासनावर कोणी बसला की त्याच्या ओठांवर यांचा आवाज. म्हणून तर महाराज. मग घशात गाठ निघाली, आणि गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. आता ते घरी होते. गळ्याच्या तळाशी, दोन हाडांच्या मधोमध, श्वासासाठी एक छिद्र होतं आणि त्यावर पांढरं कापड. मीटरनं त्या शस्त्रक्रियेबद्दल मिळेल ते वाचलं होतं. आकृत्या पाहिल्या होत्या. हवा कुठून आत जाते, कुठून बाहेर येते, बाणांनी दाखवलेलं तिच्या डोळ्यांसमोर होतं. एवढं वाचून तिला वाटलं होतं, आपल्याला सगळं समजलं.

स्टुडिओत एक रिवाज होता. कोणत्याही नव्या मालिकेचा पहिला भाग तयार झाला की वाहिनीकडे जाण्याआधी तो महाराजांच्या घरी, त्यांच्या साध्या टीव्हीवर पाहायचा. स्टुडिओचे भोंगे खुशमस्करे असतात, असं त्यांचं म्हणणं. सगळंच गोड करून सांगतात. लोकांच्या घरात जो टीव्ही असतो, तोच खरं बोलतो. भाग संपला, चहा झाला, की महाराज आपलं पहिलं मत देत. कधी एका वाक्यात, कधी शिव्यांत. त्यावर बाई दुरुस्त्या करत, आणि मगच भाग बाहेर पडे.

शस्त्रक्रियेनंतर त्या घरातला टीव्ही लागला नव्हता. पण काकूंनी, महाराजांच्या बायकोनं, स्वतः फोन केला. "घेऊन ये गं नवा भाग. हे नको म्हणतायत, म्हणजे मानेनं म्हणतायत, पण तू ये. भिंतीकडे बघत बसतात नुसते. मालिका बघितली तर निदान चिडतील तरी."

वाहिनीला भाग दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हवा होता. सिमेंटचा राजा श्वास घेत नव्हता. आणि मीटरच्या संगणकात महाराजांचे श्वास होते.

ते तिनं मुद्दाम जपले होते. प्रत्येक मालिकेच्या कामातून उरलेले तुकडे: बसतानाचा श्वास, रागाचा, तोंड मिटून घेतलेला, रडू दाबताना घेतलेला. कोणाला न सांगता तिनं ते एकेक करून नव्या राजाच्या नाकातोंडात बसवले. राजा जिवंत झाला. शब्द सिमेंटचे, श्वास महाराजांचे. सांधा कुठं आहे ते तिलासुद्धा ऐकू येईना. बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "शिकला की रे पोरगा एका दिवसात!" मीटरनं तो समज तसाच राहू दिला. तिला वाटत होतं, हे पहिल्यांदा महाराजांनी ओळखावं. त्यांनी वळून आपल्याकडे बघावं आणि त्यांना कळावं की सिंहासन पूर्ण गेलेलं नाही. मग तेच म्हणतील, राहू दे. कदाचित स्टुडिओतही येऊन बसतील.

काकूंनी दार उघडलं तेच बोलत. "ये, ये. चपला आत ठेव, खालचं कुत्रं पळवतं. अहो, मीटर आली! बघा, वाळली आहे. जेवतेस की नुसती काटे खातेस?"

महाराज खिडकीजवळच्या खुर्चीत होते. मांडीवर लहान मुलांची असते तशी पांढरी पाटी, दोरीनं बांधलेलं पेन. त्यांनी तिच्याकडे पाहून दोन बोटं उचलली आणि हवेत थरथरवली, मीटरचा काटा हलतो तशी.

"म्हणतायत, बरी आहेस का," काकू म्हणाल्या.

महाराजांनी मान हलवली, नाही. पाटीवर लिहिलं : 'जिवंत आहेस, असं म्हणालो.'

"तेच ते!" काकू म्हणाल्या. "बघ बाई, यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या ओठांवर आपले शब्द ठेवले. आता मी यांच्या ओठांवर माझे ठेवते. चुकलं की डोळे वटारतात. मी म्हणते, फुकटातली कलाकार आहे, चालवून घ्या."

महाराज हसले. तोंड हसलं, खांदे हलले, आणि आवाज काहीच आला नाही. गळ्यावरचं कापड मात्र दोनदा फडफडलं. मीटरनं ते पाहिलं, पण त्याचा अर्थ अजून तिच्या डोक्यात शिरला नव्हता.

काकूंनी चहा आणला. मीटरनं टीव्हीला तार जोडली, पडदा ओढला. महाराज खुर्चीत पाठ ताठ करून बसले. जुन्या सवयीनं त्यांनी डोळे अर्धे मिटले. पहिला भाग ते बघत नसत, ऐकत.

सुरुवातीला बर्फ. लांबवर एकच मशाल, आणि एक म्हातारा माणूस बेड्या घालून चालवत आणलेला. तो राजाचा गुरू. राजाला लहानपणी अक्षरं त्यानंच शिकवली. आता दरबारानं त्याच्यावर फितुरीचा आळ घेतला होता, आणि तिथल्या रीतीप्रमाणे राजानं त्याला विषाचा प्याला पाठवायचा होता. राजाकडून प्याला येणं हा मानच, असं एक दरबारी समजावून सांगत होता.

"आग लागो त्या मानाला," काकू म्हणाल्या. "आणि हा कोण, मांजरासारख्या मिशांचा? हाच असणार. सगळ्या लावालाव्या याच्याच. टोपी बघ कशी तिरकी घातलीय."

महाराजांनी बोट ओठांवर ठेवलं.

"मी टोपीबद्दल बोलतेय, आवाजाबद्दल नाही."

राजा पडद्यावर आला. दरबारी ओरडले, कपाळं टेकली. राजा सिंहासनाच्या पायऱ्या चढला, आणि बसताना त्यानं नाकातून एक श्वास सोडला, थोडा खरखरीत, शेवटी किंचित तुटलेला.

काकूंच्या हातातलं बिस्किट चहात पडलं.

आधी त्यांनी टीव्हीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. मीटर महाराजांकडे पाहत होती. त्यांचे डोळे पूर्ण उघडले होते.

राजा बोलला, सिमेंटच्या आवाजात. मग गप्प झाला आणि श्वास घेतला, महाराजांचा. दरबाऱ्यानं कागद पुढे केला. राजानं तो वाचता वाचता एक हुंकार दिला, महाराजांचाच. मांजरमिशा म्हणाला, "निर्णय द्यावा, महाराज." राजा उठला. त्याच्या छातीवरचा ड्रॅगन वर उचलला गेला, आणि त्यानं खोल, भरपूर, खोलीभर ऐकू जाईल असा श्वास घेतला. मग सिमेंट म्हणाला, "प्याला पाठवा."

महाराजांचा हात गळ्याकडे गेला. कापडावर ठेवला, आणि तिथंच राहिला. त्यांची छाती वर झाली, पडद्यावरच्या राजासारखीच, त्या श्वासाच्या मागून, जणू त्याच्याबरोबर चढायला निघालेली. वर झाली आणि खाली आली. खोलीत आवाज आला नाही. कापड तेवढं हाताखाली हललं असेल.

तेव्हा मीटरला कळलं. आकृतीतले बाण तिच्यासमोर आले. हवा छिद्रातून आत, छिद्रातून बाहेर. नाकातून काही जात नाही, तोंडातून काही जात नाही. आवाज गेला, आवाज गेला, असं सगळे म्हणत होते. तीही म्हणत होती. उसासा गेला आहे, हे कोणी म्हणालं नव्हतं. हा माणूस आता सुस्कारा टाकू शकत नाही, हुंदका देऊ शकत नाही, समोर निवत पडलेल्या चहावर फुंकरसुद्धा घालू शकत नाही. शब्द गेले तरी पाटी होती. उसाशाला पाटी नव्हती. आणि तिनं नेमकं तेच आणून, मोठं करून, त्यांच्याच घरात लावलं होतं.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या. "हे तुम्हीच ना?"

महाराज उठले आणि आतल्या खोलीत गेले. दार त्यांनी लावलं नाही, आपटलंही नाही. नुसते गेले.

मीटरनं भाग थांबवला. पडद्यावर राजा तोंड अर्धं उघडं ठेवून थिजला. "काकू, मला वाटलं..." ती म्हणाली.

काकूंचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. "मागे घे गं जरा," त्या म्हणाल्या. "तो बसतानाचा. एकदाच."

"काकू, नको."

"अगं, घे. त्यांना नाही ऐकू जायचं, आवाज कमी कर." मीटरनं आवाज कमी केला आणि राजाला पुन्हा पायऱ्या चढायला लावल्या. राजा बसला, श्वास सुटला. काकू टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या होत्या, नीट ऐकू यावं म्हणून डोकं तिरपं करून. "कामावरून आले की अस्से बसायचे," त्या म्हणाल्या. "मी आतून ओळखायची, दिवस कसा गेला ते. पाणी द्यायचं की आधी दोन मिनिटं गप्प राहायचं. आता बसले तरी कळत नाही. मागे वळून बघावं लागतं. भांडण झालं तर कळत नाही रागावलेत की विसरलेत. मी तुझ्यावर रागावले नाही हं. मला तर... तू रोज लावलास तरी चालेल बघ."

आणि मग त्या पदरानं डोळे पुसत खुर्चीत बसल्या. मीटरवरचा काटा बघायची सवय असलेल्या माणसाला कोणाच्या खांद्यावर हात ठेवायलाही वेळ लागतो. तिनं तो ठेवला, उशिरा.

महाराज परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. ते खुर्चीत बसले, पाटी मांडीवर घेतली आणि बोटानं गोल फिरवून खूण केली : पहिल्यापासून.

या वेळी त्यांनी सगळा भाग पाहिला. डोळे मिटले नाहीत. काकूही गप्प राहिल्या, मांजरमिशा दोनदा येऊन गेला तरी. महाराज मधूनच पाटीवर काही रेघ मारत आणि पुसत. भाग संपला. काकूंनी निवलेला चहा पुन्हा गरम करायला नेला नाही. तो महाराजांना निवलेलाच लागत असे आता.

त्यांनी पाटी मीटरकडे वळवली. 'प्याला पाठवा-च्या आधीचा श्वास. कुठला?'

मीटरनं सांगितलं. एका जुन्या मालिकेत सेनापती शिपायांना निरोप देतो, बंदरावर. केवढं तरी लांब वाक्य होतं, महाराजांनी एका दमात घेतलं होतं. सगळा स्टुडिओ उठून उभा राहिला होता. "सगळ्यात मोठा श्वास तोच होता," ती म्हणाली. "आणि प्रसंगही सगळ्यात मोठा. म्हणून."

त्यांनी पुसलं, लिहिलं. अक्षर घाईचं झालं होतं. 'श्वास प्रसंगाएवढा नसतो. पुढच्या वाक्याएवढा असतो. आत घेतो तेव्हा माणसाला माहीत असतं किती बोलायचंय.' पुसलं. 'एवढा श्वास घेणारा राजा दोन शब्दांवर थांबत नाही. तो गुरूला वाचवणार असतो.'



'त्या श्वासाबरोबर मी माझं वाक्य घेऊन तयार होतो,' त्यांनी लिहिलं. 'निघालं त्याचं.'

ते त्यांनी लगेच पुसलं. मग मोठ्या अक्षरांत एकच शब्द लिहिला : 'काढ.'

"सगळे?" काकूंनी विचारलं. मीटरनं विचारायच्या आधी. "अहो, सगळे कशाला? एक त्या प्याल्याचा काढा. बाकीचे काय वाईट आहेत? बसतानाचा किती छान बसलाय."

महाराजांनी मान हलवली. 'त्या पोराला त्याचे घेऊ दे. माझे घातलेस तर तो कधी शिकणार?'

"शिकेल हो सावकाश," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला. "तुम्हाला काय, तुम्ही घेताय श्वास. ऐकायचे असतात ते दुसऱ्याला!"

काकू स्वतःच दचकल्या. "माझं तोंड..." असं काहीतरी पुटपुटत त्या कपबशा गोळा करायला लागल्या.

महाराज बराच वेळ त्यांच्या हातांकडे पाहत होते. कपात कप, बशीवर बशी. मग त्यांनी मीटरला खूण केली, शेवटचा प्रसंग लाव.

शेवटच्या प्रसंगात प्याला गेलेला असतो. दरबारी गेलेले असतात. राजा एकटा एका रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलेला, समोर लहानपणीची पाटी-दौत. बाहेर बर्फ. तो काही बोलत नाही. फक्त श्वास सोडतो, लांब, दमलेला, आणि दिवा विझतो.

त्यांनी तो एकदा ऐकला, मग पुन्हा ऐकला. पाटीवर सावकाश लिहिलं, शाळेत लिहावं तसं वळणदार :

'याच्यापुढे वाक्य नाही. हा राहू दे.'

पाटी त्यांनी मीटरकडे धरली नव्हती. काकूंकडे धरली होती. काकूंनी वाचलं, आणि कपबशा घेऊन आत गेल्या, नळ सोडला.

दारापर्यंत महाराज सोडायला आले. मीटरनं विचारलं, "तुम्ही याल का उद्या? फक्त बसा. सिमेंटला तुम्ही सांगितलंत तर..." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान हलवली. पाटी आत राहिली होती, म्हणून कारण कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटरनं ते श्वास एकेक करून काढले. राजा पुन्हा बाहुला झाला. सिमेंट आला तेव्हा तिनं त्याला बंदरावरचं जुनं वाक्य ऐकवलं, मग त्याचं, आणि जे कळलं होतं ते सांगितलं. "म्हणजे मी आधी ठरवायचं, राजाला किती बोलायचंय," तो म्हणाला.

"हो."

"आणि इथं त्याला दोनच शब्द बोलायचेत."

"दोनच."

तो काचेपलीकडे उभा राहिला. दिवा लागला. या वेळी त्यानं तोंड फिरवलं नाही. त्यानं माइकसमोर श्वास घेतला, छोटासा, चोरटा, घशाच्या वरवर राहिलेला, भित्र्या माणसाचा. आणि म्हणाला, "प्याला पाठवा."

बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "मेल्या," त्या म्हणाल्या, "गुरूला मारलंस रे." त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी नसे.

दुपारभर ते श्वासच घेत होते. संध्याकाळी पूर्ण भाग ऐकताना शेवटच्या प्रसंगाशी सिमेंटनं हेडफोन कानांवर दाबून धरले. "हा माझा नाही," तो म्हणाला. मीटरनं मान डोलावली. कोणाचा, हे त्यानं विचारलं नाही. हेडफोन काढून त्यानं जपून खुंटीला अडकवले आणि दोघांसाठी चहा सांगून आला.

भाग वाहिनीवर लागला त्याच्या दुसऱ्या सकाळी काकूंचा फोन आला.

"पाहिलं आम्ही," त्या म्हणाल्या. "मांजरमिशाच आहे तो, सांगून ठेवते. आणि तुमच्या त्या पोरानं बरं केलं, हे दोनदा मान डोलावत होते."

"आणि शेवटी?"

"शेवटी मी आत होते. दूध उतू जात होतं. हे टाळ्या वाजवून बोलावतात ना, तशी टाळी वाजली. आले तर यांच्या हातात रिमोट. आवाज वाढवत होते, वाढवत होते, शेजारचे भिंत ठोकतील एवढा. मग तो... तो आला. मी उभीच होते दारात. हे टीव्हीकडे बघतच नव्हते गं. माझ्याकडे बघत होते."

"मग?"

"मग काय. मग जाहिरात लागली, तेवढ्याच मोठ्यानं. सिमेंटची." त्या हसल्या, आणि नाक ओढलं. "त्यात मात्र तो अजून एकदाही श्वास घेत नाही बघ."